डबल बेडचं आत्मचरित्र

माझ्या वडिलांचं आत्मचरित्र गरम पाण्यात धुवू नये. पहिल्या धुण्यात ते जांभळा रंग सोडतं आणि सोबतचे पांढरे कपडे वाया घालवतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ज्यांच्या घरी ते आहे त्यांतल्या बऱ्याच जणांनी मला फोन करून या रंगाबद्दल सुनावलं आहे. मी शाळेत मराठी शिकवते. लोकांनी आपल्याशी आत्मचरित्रांवर चर्चा करावी असं मला नेहमी वाटायचं. ती चर्चा साबणावर येऊन थांबेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. या लिखाणात मी सगळ्यांना मराठीच बोलायला लावलं आहे. वडिलांना आम्ही नायना म्हणतो आणि आईला अम्मा. नायना चादरींची नक्षी काढायचे. चादरीवरचं फूल आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढतात, एकेक चौकट रंगवून. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढवतात आणि माग भोकं वाचत वाचत फूल विणतो. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण नायनांच्या वेळी माणूसच डोळे फोडून घ्यायचा.

यातली गोम अशी की चादरीची नक्षी कधीच पूर्ण काढत नाहीत. फक्त डावा अर्धा काढायचा आणि मधल्या रेघेपाशी हात उचलायचा. उजवीकडं माग तीच नक्षी आरशातल्यासारखी उलटी विणतो. अर्धं कमळ काढलं की चादरीवर अख्खं कमळ येतं, आणि एक मोर काढला की दोन मोर चोचीला चोच लावून उभे राहतात. नायनांनी जन्मात एक अख्खं फूल काढलेलं नाही. दिवाळीत दारात रांगोळी काढायला बसले तरी अर्धी काढून उठायचे, आणि अम्मा उरलेली पुरी करायची. "उरलेला अर्धा आपोआप येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. माझ्या दहावीच्या अभ्यासाबद्दलही त्यांनी मला हाच धीर दिला होता.

सगळं सुरू झालं ते त्यांच्या एका मित्रामुळं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पंचाहत्तरीला स्वतःचं आत्मचरित्र छापलं आणि सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना फुकट वाटलं. नायनांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "ह्यात बदल्याच बदल्या हायत की. माणूस कुटं हाय?"

आणि मग, चहा संपायच्या आत, "आपलं बी काडायचं."

त्यांचीही पंचाहत्तरी जवळ आली होती. लिहून घ्यायला अर्थातच मी होते, म्हणजे घरात शिक्षिका असल्याचा एवढा तरी उपयोग. मी नवी वही घेऊन समोर बसले.

"लिव," नायना म्हणाले. "माझा जन्म झाला."

मी लिहिलं. बराच वेळ पंखा फिरत राहिला.

"पुढं?"

"पुढं मागावर गेलो."

"नायना, मध्ये लहानपण आहे की."

"ते बारकं हुतं."

मागावर गेल्यानंतर त्यांचं लग्न झालं, लग्नानंतर जेवण झालं आणि जेवणानंतर ते निवृत्त झाले. सगळं आयुष्य वहीच्या एका पानात बसलं, खाली सही करायला जागा उरली. मला राहवलं नाही. मी शाळेतून आल्यावर त्या पानाला जरा मीठमसाला लावला. भोंगा, गिरणीच्या चिमणीचा धूर, पहाटे अंगणात पाणी मारणारी त्यांची आई, असं बरंच काही घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. मीही सुखावले.

"लई चांगला माणूस हाय," ते म्हणाले. "कोन हाय हा?"

"तुम्हीच."

"मी न्हवतो तितं," ते म्हणाले आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून चौकटींच्या कागदाचं भेंडोळं खाली काढलं. अक्षरात आपलं आयुष्य बसत नाही, ते चौकटीत बसेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. आत्मचरित्र चादरीवर निघणार होतं, डबल बेडच्या मापात. मित्राचं पुस्तक एकदा वाचून कपाटात जातं, चादर माणूस रोज अंगावर घेतो, हे सांगताना त्यांना झालेला आनंद काही लपला नाही.

जेवणाचं टेबल गेलं. आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो आणि टेबलावर नायनांचं आयुष्य पसरलं. एका चौकटीत नाक नीट बसेना म्हणून त्यांनी सगळ्यांना एकच नाक दिलं. पहिल्या ओळीत ते स्वतः बाळ होते, त्याच नाकाचे. त्यावर माग, त्यावर चिमणी, त्यावर सायकल. उलट्या अर्ध्यामुळं सगळं दोनदा येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीही त्यांनी सोय लावून ठेवली होती. दोन सायकली समोरासमोर येणार, म्हणजे एक कामावर जातानाची आणि एक परत येतानाची. दोन चिमण्या म्हणजे दोन पाळ्या. पाळणा त्यांनी एकच काढला, कारण मुलं दोन, मी आणि भाऊ, आणि दुसरा पाळणा माग फुकटात विणून देणार होता. भाऊ पुण्याला असतो. त्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "डावा पाळणा माझा." त्यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं, ते वेगळं.

अम्मा एवढे दिवस टेबलाकडं फिरकली नव्हती. एकदा भांडी घासून हात पुसत आली आणि कागदावर वाकली. खालून वर, मग वरून खाली बघितलं.

"मी कुटं हाय?"

"तू हायस की सगळीकडं," नायना मान वर न करता म्हणाले.

"सगळीकडं म्हंजे कुटं?"

आता नायनांनाही बघावं लागलं. सायकलीच्या कॅरिअरला डबा होता. तो अम्मानं भरलेला होता. पाळणा हलत होता. तो तिनंच हलवला असणार. पण चादरीत अम्मा नव्हती. मागांना काम नसायचं त्या वर्षांत तिनं विड्या वळून घर चालवलं होतं, तंबाखूनं तिची बोटं अजून पिवळी आहेत, आणि एवढ्या मोठ्या कागदावर तिच्या वाट्याला एक चौकट आली नव्हती. मला इतका राग आला की मी काहीतरी बोलणार होते, पण अम्माच बोलली.

"लग्नात दावा मला. माजी साडी जांभळी हुती. एकदाच दावा, पन दावा."

ती कधी काही मागत नाही. म्हणजे आमच्यासाठी मागते, देवाकडं मागते, शेजारणीकडून विरजण मागते. स्वतःसाठी काही मागताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. नायनांनाही ते कळलं असावं. त्यांनी ताबडतोब खोडरबर घेतलं. चादरीच्या मधोमध त्यांनी स्वतःचा चेहरा योजला होता, देवाच्या जागी असतो तसा. तो त्यांनी सगळा पुसला आणि त्या जागी लग्न घ्यायचं ठरवलं.

जांभळ्याचं मात्र अवघड होतं. मागावर रंगाचा दोरा आडवा जातो, या काठापासून त्या काठापर्यंत. साडी जांभळी करायची तर त्या पट्ट्यातलं सगळंच जांभळं होणार, नवऱ्याच्या कोटासकट.

"होऊ दे," नायना म्हणाले. "हिच्यासाटी जांबळा कोट घालतो."

अम्मा हसली. मला ते दोघं त्या क्षणी फार आवडले, हे मला इथं लिहायचं आहे, कारण पुढं जे झालं त्यात ते विसरून जायला होतं.

काही दिवसांनी नक्षी झाली. कागदाच्या अगदी उजव्या कडेला, मधल्या रेघेला खेटून, नायना जांभळ्या कोटात उभे होते. हात पुढं, हातात हार. त्यांच्यापुढं कागद संपत होता.

"आणि मी?" अम्मानं विचारलं.

"उरलेला अर्धा आपोआप येतो," नायना म्हणाले.

आणि अम्मानं मान हलवली. मीही मान हलवली. हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही. मी सुशिक्षित बाई आहे, आरशात काय दिसतं ते मला माहीत आहे. पण ज्या घरात जन्मभर अर्धं फूल काढून अख्खं मिळालं, जिथं एका पाळण्याचे दोन पाळणे झालेले आम्ही नुकतेच मान्य केले होते, तिथं नवरा काढला की समोर नवरी येईल यावर आम्हा तिघांचाही विश्वास बसला. सोलापूरबाहेरचा कुणी तिथं असता तर त्यानं सांगितलं असतं. आमच्याकडं सगळे सोलापूरचेच.

चादर नात्यातल्या एकांच्या कारखान्यात निघणार होती. मागावर एकच चादर काढणं परवडत नाही, मांडणी केली की लॉटच काढतात, त्यामुळं नायनांच्या आयुष्याचा लॉट निघाला. तिथल्या डिझायनरनं कागद कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि रीतीप्रमाणं फोन केला, "मामा, मिरर करायचं न्हवं?"

"मिरर न करता चादर निघती व्हय? नवीन हाईस का?" नायनांनी त्याला झापलं.

पंचाहत्तरीचा कार्यक्रम समाजाच्या हॉलमध्ये झाला. स्टेजवर दोन फुलदाण्या, मागं फ्लेक्स, आणि प्रमुख पाहुणे म्हणून तेच बँकेतले मित्र. नायनांनी चादरी गठ्ठ्यातून सोडून पाहू दिल्या नव्हत्या; पुस्तकाचं प्रकाशन होतं तसं लाल कागदातून निघायला हवं, हा त्यांचा हट्ट होता. अम्मा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं नवी साडी घेतली होती, जांभळी. चादरीशी रंग जुळावा म्हणून कारखान्यातल्या डिझायनरकडून जांभळ्या दोऱ्याचा फोटो फोनवर मागवून चार दुकानं हिंडली होती.

लाल कागद सुटला. दोघांनी टोकं धरून चादर उंच केली.

खाली दोन बाळं होती, एका नाकाची. वर दोन माग, दोन चिमण्या, समोरासमोर येऊन आता धडकणार अशा दोन सायकली, दोन पाळणे. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या आकारात, जांभळ्या कोटातले माझे वडील जांभळ्या कोटातल्या माझ्या वडिलांना हार घालत होते.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येऊ लागला. नायना चादरीच्या कडेला, तिच्याकडं पाठ करून उभे होते, त्यांना काही दिसत नव्हतं. ते हसतमुखानं टाळ्यांची वाट बघत होते.

पहिल्यांदा माझी आत्या बोलली, आणि तिला हळू बोलता येत नाही. "ह्यो दुसरा कोन हाय? दादाला जुळा भाऊ हुता व्हय?" ती सख्खी बहीण. तिलाच माहीत नसेल तर कुणाला असणार, म्हणून मागच्या रांगेत जुळ्या भावाबद्दल हळहळ सुरू झाली. तो लहानपणीच गेला असावा असं ठरलं.

बँकेतले मित्र मात्र कसलेले वक्ते होते. त्यांनी माईक हातात घेतला, चादरीकडं पाहिलं, घसा साफ केला. "मित्रहो," ते म्हणाले, "आत्मचरित्र म्हणजे तरी काय असतं? माणसानं स्वतःच स्वतःच्या गळ्यात घातलेला हार. मला जे एवढ्या पानांत सांगता आलं नाही, ते आमच्या मित्रानं एका चित्रात सांगितलं." टाळ्या पडल्या. मी आजवर ऐकलेली आत्मचरित्राची ही सगळ्यांत खरी व्याख्या आहे, आणि ती एका घोटाळ्यावर पांघरूण घालायला निघाली होती.

नंतर कॉलेजात शिकणारी नात्यातली एक मुलगी आली. तिनं नायनांचा हात दोन्ही हातांत धरला. "आजोबा, या वयात, सगळ्यांसमोर... तुमच्या धाडसाचं खूप कौतुक वाटतं."

"जांबळा रंग हिनं सांगितला," नायना अम्माकडं बोट करून म्हणाले. मुलीनं अम्माकडं पाहिलं आणि तिला आणखीच भरून आलं.

अम्मा उठली नव्हती. जांभळ्या साडीत ती तशीच बसून चादरीकडं बघत होती, लग्नात आपली पंगत चुकलेल्या माणसासारखी. मला तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, पण मी स्टेजवर चादरी वाटत होते. लोक रांग लावून माझ्या वडिलांचं लग्न घरी घेऊन चालले होते.

घरी आल्यावर नायनांनी चादर जेवणाच्या टेबलावर पसरली आणि शेवटी नीट बघितली. आधी त्यांनी कॉम्प्युटरला दोष दिला. मग डिझायनरला. मग मधल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हात सवयीनं उचलला ग." अम्मा आत निघून गेली. त्यांना मी कधी एवढं लहान झालेलं पाहिलं नव्हतं, आणि तरीही मला त्यांची दया आली नाही. मला तेव्हा अम्माचीच येत होती.

दुसऱ्या दिवसापासून अम्मानं त्यांना सगळं अर्धं वाढायला सुरुवात केली. अर्धी भाकरी, अर्धी वाटी आमटी, अर्धा कप चहा. शेंगाचटणीसुद्धा ताटाच्या डाव्या बाजूलाच. नायना उरलेल्या भाकरीसाठी वर बघायचे तर ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "बसा की. येतंय आपोआप." तिनं आवाज चढवला नाही, अबोला धरला नाही, माहेरची आठवण काढली नाही. त्यांना सदरा दिला तर त्याची एकच बाही इस्त्री केलेली होती. ते तसेच बागेत फिरायला गेले.

"दुसरी आवृत्ती काडू," एकदा ते म्हणाले. "अख्खी काडतो ह्या बारीला. तू समोर बस."

अम्मा खरंच समोर बसली. नायनांनी पेन्सिल धरली. मग खूप वेळ तिच्याकडं बघत राहिले.

"लग्नात पदर कुटल्या खांद्यावर हुता तुजा?"

"तुमीच सांगा."

"आंबाडा हुता का वेणी?"

"तुमीच हुता की समोर."

नायनांना काही आठवेना. हार कसा होता ते आठवत होतं, त्यातली फुलंसुद्धा. मांडवाच्या कापडाची नक्षी तर त्यांनी लगेच काढून दाखवली. ज्याच्या गळ्यात हार पडला ते माणूस तेवढं डोळ्यांपुढं येत नव्हतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद गुंडाळला. अम्मानं त्यांना त्या दिवशी अख्खी भाकरी वाढली, पण त्यांनी ती अर्धीच खाल्ली.

त्यानंतरच्या रविवारी मी वह्या तपासत बसले होते. अम्मानं उरलेल्या गठ्ठ्यातली एक चादर काढली, फरशीवर पसरली, चारी बाजूंनी ताणून सुरकुत्या काढल्या आणि मोठी कात्री घेऊन तिच्यापुढं बसली. नायनांच्या लक्षात आलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. विणकराच्या घरात चांगल्या कापडाला कात्री लागलेली बघवत नाही. पण ते तसेच अर्धवट उभे राहिले. दोन हारांच्या मधली रेघ धरून अम्मा खालून वर सरळ कापत गेली. दोन बाळं वेगळी झाली, सायकलींची धडक टळली, मी आणि माझा भाऊ एकदाचे दोन घरी गेलो. शेवटी दोन जांभळे नायना एकमेकांपासून सुटले. दोरे निघू नयेत म्हणून तिनं मशीनवर दोन्ही कडा दुमडून शिवल्या.

आई-वडिलांच्या खोलीत दोन कॉट आहेत आणि मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. अम्मानं डावा अर्धा डाव्या कॉटवर घातला, उजवा अर्धा उजव्या कॉटवर, शिवलेल्या कडा वाटेच्या बाजूला घेऊन. मग ती त्या वाटेत जाऊन उभी राहिली. घरातलीच साडी, केस विस्कटलेले, कमरेला पदर खोचलेला. इकडून एक जांभळा कोटवाला तिच्यापुढं हार धरून होता आणि तिकडून दुसरा.

नायना दारापर्यंत आले. खूप वेळ बघत राहिले. या वेळी चादरीकडं नाही, तिच्याकडं.

"आता बरूबर आलं," ते म्हणाले. "घे की हार."

अम्मानं एकदा या कॉटकडं पाहिलं, एकदा त्या कॉटकडं.

"थांबा जरा दोगंबी," ती म्हणाली. "मी आत्ताच आलीय."